स्टिअरिंग थरथरते तेव्हा आधी चाक उघडून पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विषय : विजेवरच्या मोटारींतील स्टिअरिंगची थरथर आणि तिच्या निदानातील हलगर्जी

महोदय,

सातारा जिल्ह्यात विजेवर चालणाऱ्या मोटारींची संख्या गेल्या काही वर्षांत चांगलीच वाढली आहे. पोवई नाक्यावर थोडा वेळ उभे राहिले, तरी हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या सहज नजरेस पडतात. या गाड्यांच्या मालकांकडून एक तक्रार मात्र वरचेवर कानावर येते. महामार्गाला लागून गाडी ऐंशी-नव्वदच्या पुढे गेली की स्टिअरिंग हातात थरथरू लागते. तक्रार विजेच्या गाडीपुरती नाही, पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांतही ती पूर्वापार आहे. परंतु विजेच्या गाडीबाबत ती ज्या तऱ्हेने हाताळली जात आहे, त्यात ग्राहकाचा पैसा आणि क्वचित त्याचा जीवही धोक्यात येतो, असे माझे स्पष्ट मत झाल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. वाहनदुरुस्तीच्या कामाशी माझा संबंध जुना आहे, आणि या विषयावर ओळखीचे लोक नेहमी विचारणा करतात.

थरथर हे लक्षण आहे आणि तिची कारणे अनेक आहेत. ती कोणत्या वेगाला सुरू होते, कोणत्या वेगाला ओसरते, वेग घेताना येते की ब्रेक दाबल्यावर, हाताला जाणवते की बैठकीला, एवढे नीट नोंदवले तर निम्मे निदान गाडीखाली न शिरताच होते. प्रत्यक्षात काय घडते? गाडी आत घेतली जाते, "अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून बघू" (म्हणजे चाकांचे कोन जुळवू आणि त्यांचा तोल साधू) असे सांगितले जाते, तेवढ्याने भागले नाही तर लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा), मग टायरॉड एंड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे टोक) आणि शेवटी थेट स्टिअरिंग रॅकचे, म्हणजे स्टिअरिंगच्या मुख्य यंत्रणेचे, अंदाजपत्रक हातात पडते. ज्याने तक्रार लिहून घेतली, तो गाडी चालवून पाहत नाही, आणि जो गाडी खोलतो, त्याच्यापर्यंत मालकाचे म्हणणे पोहोचतच नाही.

वास्तविक विजेच्या गाडीत हे निदान अधिक सोपे व्हायला हवे. तिच्यात इंजिन नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाचा हादरा आणि चाकाचा हादरा वेगळा काढावा लागतो, इथे तो प्रश्नच उद्भवत नाही. उभ्या गाडीत स्टिअरिंगला कंप जाणवत असेल तर आधी वातानुकूलन यंत्र बंद करून पाहावे, कारण कॉम्प्रेसर आणि रेडिएटरचा पंखा यांखेरीज उभ्या गाडीत फिरणारे फारसे काही नसते. काही नव्या गाड्यांत गाडी मार्गिकेचा पट्टा ओलांडू लागली की चालकाला सावध करण्यासाठी स्टिअरिंग मुद्दाम थरथरवण्याची सोय असते. गाडी कार्यशाळेत नेण्यापूर्वी ती सोय बंद करून एकदा पाहणे हिताचे आहे. हे दोन्ही नसेल आणि कंप वेगाबरोबरच वाढत असेल, तर संशय चाकांवरच घ्यावा लागतो. शांत गाडीत हा कंप लवकर लक्षात येतो, हा तर फायदाच आहे. "विजेची गाडी शांत असते म्हणून तुम्हाला जास्त जाणवते" असे सांगून ग्राहकाची बोळवण करणे मला मान्य नाही.

चाकाचा तोल बिघडल्यावर नेमके काय होते, हे एकदा आकड्यांत पाहण्यासारखे आहे. ताशी ९० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला २५ मीटर. मध्यम आकाराच्या मोटारीच्या चाकाचा घेर साधारण दोन मीटर असतो, म्हणजे चाक सेकंदाला बारा-तेरा फेरे घेते. रिमच्या कडेला एका बाजूस केवळ ३० ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते चाकाला जवळजवळ पावणेचार किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढते, आणि ही ओढ सेकंदाला बारा-तेरा वेळा वर, खाली, पुढे, मागे अशी फिरत राहते. गोफण जितकी जोरात फिरवावी तितका दगड हाताला जास्त ओढतो, तसाच हा प्रकार आहे. वेग निम्मा केला की ही ओढ चौथाईवर येते. म्हणूनच शहरात चाळीसच्या वेगाने फिरताना गाडी निर्दोष वाटते आणि वाढे फाट्यावरून महामार्गाला लागल्यावर तिचा दोष उघडा पडतो. पुढे शंभर-एकशेदहाला हा कंप कधी कधी कमी झाल्यासारखा वाटतो. दोष गेलेला नसतो. चाक, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग यांच्या जोडणीची स्वतःची एक कंपनगती असते, तिच्याशी चाकाच्या फेऱ्यांचा मेळ बसला की थरथर सर्वाधिक होते आणि तो टप्पा ओलांडला की कमी होते, एवढाच त्याचा अर्थ. कंप हाताला जाणवत असेल तर बहुधा पुढची चाके आणि बैठकीला किंवा पायाखाली जाणवत असेल तर बहुधा मागची, हा ठोकताळा सहसा चुकत नाही.

आता आपल्या भागातील कारणांकडे येतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या शेतातून थेट रस्त्यावर येतात आणि चाकांना लागलेली काळी माती डांबरावर सांडत जाते. शेंद्रे, नागठाणे, उंब्रज या पट्ट्यात ज्यांची रोजची ये-जा आहे, त्यांना हे सांगायला नको. ही माती ओली असताना रिमच्या आतल्या बाजूस चिकटते आणि तिथेच वाळून घट्ट होते. गाडी धुणारे रिमची दर्शनी बाजू चकचकीत करतात, आतल्या बाजूला पाण्याचा फवारा पोहोचत नाही. उलट, जोराच्या फवाऱ्याने बॅलन्सिंगसाठी चिकटवलेली शिशाची किंवा लोखंडाची पट्टी मात्र कधी कधी सुटून पडते.

दुसरे कारण आहे पंक्चरचे द्रव. विजेच्या बहुतेक गाड्यांत जादा चाक दिलेले नसते, त्याऐवजी हवा भरण्याचा छोटा पंप आणि काही गाड्यांत टायरमध्ये सोडायच्या द्रवाची बाटली मिळते. हे द्रव तात्पुरते असते. बाटलीवर सहसा ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा लिहिलेली असते, आणि ते वापरल्यानंतर टायर लवकरात लवकर उघडून घ्यावे अशी सूचनाही असते. ती कोणी वाचत नाही. शिवाय पंक्चर होऊ नये म्हणून चारही चाकांत असे द्रव आधीच भरून घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे. गाडी रात्रभर उभी राहिली की हे द्रव टायरच्या तळाशी गोळा होते. सकाळी गाडी निघाली की चाक त्या बाजूने जड असते, आणि द्रव जुने होऊन घट्ट झाले असेल तर ते पुन्हा सारखे पसरतच नाही. अशा चाकाचे बॅलन्सिंग कितीही वेळा करा, ते टिकणार नाही.

आमच्या कॉलनीतील एका शिक्षक दांपत्याच्या गाडीत ही दोन्ही कारणे एकत्र आली होती. गाडी ऐंशीच्या पुढे थरथरत होती. कार्यशाळेने दोन्ही लोअर आर्म बदलण्याचा आणि त्यानेही फरक न पडल्यास स्टिअरिंग रॅक बदलण्याचा सल्ला दिला होता. अंदाजपत्रक पाच आकडी होते. गुरुजींनी मला विचारले, तेव्हा मी फक्त एवढेच म्हटले की, एकाही पार्टला हात लावण्यापूर्वी पुढची दोन्ही चाके उतरवून आतून पाहू. डावे चाक उतरवले. रिमच्या आतल्या कडेला हातभर लांबीचा मातीचा थर बसला होता, स्क्रूड्रायव्हरने खरवडल्यावर त्याच्या खपल्या निघाल्या. टायर रिमवरून सुटताच तळाशी साठलेले हिरवट, चिकट द्रव जमिनीवर ओघळले. पूर्वी प्रवासात पंक्चर झाले असताना ते भरले होते आणि नंतर विसरले गेले होते. टायर आतून पुसून कोरडे केले, पंक्चरला आतून पॅच लावला, रिमची जुनी वजने काढून दोन्ही बाजूंनी नव्याने बॅलन्सिंग केले. खर्च काही शे रुपयांत आटोपला. त्याच संध्याकाळी गाडी महामार्गावर नेली, ती शंभरलाही स्थिर होती. लोअर आर्म आणि रॅक दोन्ही मूळचेच आहेत.

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट ही दोन वेगळी कामे आहेत, हेही ग्राहकाने ध्यानात ठेवावे. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेने झिजत असतील, तर अलाइनमेंट तपासावी. थरथर मुख्यतः बॅलन्सिंग, टायर आणि रिम यांच्याशी निगडित असते. अलाइनमेंट दीर्घकाळ बिघडलेली राहिली तर टायर खडबडीत झिजतो आणि मग तोही थरथर निर्माण करतो, पण तेव्हा अलाइनमेंट दुरुस्त करूनही झिजलेला टायर तसाच राहतो. बॅलन्सिंग करताना चाक यंत्राच्या दांड्यावर बरोबर मध्यावर बसले पाहिजे. ते बसले की नाही हे पाहण्याची साधी रीत आहे. पडद्यावर दोन्ही बाजूंना शून्य आल्यावर चाक ढिले करावे, दांड्यावर अर्ध्या फेऱ्याने फिरवून पुन्हा आवळावे आणि यंत्र परत चालवावे. आकडा शून्याच्या आसपासच राहिला तर काम योग्य झाले आहे, पंधरा-वीस ग्रॅमचा फरक दाखवला तर चाक वाकडे बसले होते. याला दोन मिनिटेही लागत नाहीत, तरी ग्राहकाने मागितल्याशिवाय हे कोणी करत नाही.

बॅलन्सिंग शून्य असूनही थरथर राहिली, तर रिम वाकलेली असणे किंवा टायर आतून बिघडलेला असणे संभवते. गेल्या काही वर्षांत कराड-मलकापूरच्या उड्डाणपुलाच्या कामात ज्यांनी सेवा रस्त्यांवरून गाडी काढली, त्यांच्या रिमा किती खड्ड्यांनी झोडपल्या असतील याची कल्पना करता येते. त्यात विजेची गाडी बॅटरीच्या वजनामुळे त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा साधारण दोन-तीनशे किलोंनी जड भरते, त्यामुळे तोच खड्डा तिच्या रिमला आणि टायरला अधिक लागतो. वाकलेली रिम यंत्रावर फिरताना नुसत्या डोळ्यांनीही लहरताना दिसते. टायरच्या आतील तारांचा थर सुटला असेल तर कंप तीस-चाळीसच्या वेगालाही जाणवतो आणि टायरच्या पृष्ठभागावर किंवा बगलेवर फुगा दिसतो. इथे मी वाचकांना कळकळीने सांगेन की, टायरला फुगा दिसला अथवा थरथर अचानक सुरू होऊन झपाट्याने वाढू लागली, तर गाडी पुढे नेऊ नये. टायर फुटणे आणि चाकाचे नट ढिले होणे या दोन्हींची पूर्वसूचना अशीच असते. खंबाटकीच्या उतारावर ती मिळाली तर "पुण्यात गेल्यावर बघू" हा विचार जिवावर बेतू शकतो.

टायर बदलताना गाडीच्या वजनाला साजेसा भारांक (टायर किती भार पेलू शकतो हे सांगणारा आकडा) पाहूनच तो घ्यावा, आणि हवा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीत दिलेल्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना भरावी. पंपावरचा पोऱ्या सगळ्या गाड्यांना एकच आकडा लावतो, तो विजेच्या जड गाडीला बहुधा कमी पडतो.

ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग हादरत असेल तर गोष्ट वेगळी, आणि विजेच्या गाडीत या दोषाचे कारणही वेगळे असते. या गाडीत पाय उचलला किंवा ब्रेक हलका दाबला, की मोटर जनित्रासारखी चालून गाडी मंदावते आणि वीज बॅटरीत परत जाते. यालाच रीजेन म्हणतात. त्यामुळे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी) आणि पॅड (तिला दाबून धरणारे ठोकळे) यांना काम फार कमी उरते. आपल्याकडील पावसाळ्यात, विशेषतः कास-बामणोली किंवा महाबळेश्वरच्या बाजूला, न वापरलेल्या डिस्कवर गंज धरतो. पॅड जिथे टेकलेला असतो तिथे त्याचा ठसा उमटतो, आणि पुढे ब्रेक जोरात दाबल्यावर प्रत्येक फेऱ्यात तो खडबडीत भाग पॅडला झटका देतो. गंज वरवरचा असेल तर मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसल्याची खात्री करून, रीजेन शून्यावर ठेवून साठच्या वेगावरून काही वेळा घट्ट ब्रेक लावल्याने तो झिजून जातो. दर आठवड्याला एवढे केले तर दोष सहसा उद्भवतच नाही.

घाटासंबंधी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत आलेली वीज साठवायला जागा नसते, म्हणून रीजेन आपोआप कमी होते. पाचगणीत रात्रभर गाडी शंभर टक्के चार्ज करून सकाळी पसरणी घाट उतरणाऱ्याला नेहमीचा रोध मिळत नाही, सगळा भार गंजलेल्या, सवय मोडलेल्या डिस्कवर पडतो, त्या तापतात आणि वाईला पोहोचेपर्यंत स्टिअरिंग हादरू लागते. वर मुक्काम असेल तर चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवावे, उतारावर बॅटरी थोडी भरतेच. डिस्क खरोखर बिघडली आहे का, हे डायल गेज लावून मोजता येते. इथे दोष मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असू शकतो, त्यामुळे नुसत्या नजरेने "डिस्क गेली" असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. अनेकदा डिस्क चांगली असते, तिच्या आणि हबच्या (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाच्या) मध्ये साठलेला गंज साफ केला की काम भागते. हवेच्या गनने नट वाटेल तसे आवळल्यानेही डिस्क वाकडी बसते. नट समोरासमोरच्या क्रमाने आणि शेवटी टॉर्क पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकेच आवळले पाहिजेत.

वेग घेतानाच कंप येतो आणि पाय सैल केला की जातो, असे असेल तर ड्राइव्ह शाफ्टच्या (मोटरचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) आतल्या जॉइंटकडे पाहावे. विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते, त्यामुळे या जॉइंटवर ताण अधिक येतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर त्याच वेगाला आधी वेग वाढवत, मग रीजेनने मंदावत आणि पुस्तिकेत परवानगी असल्यास क्षणभर न्यूट्रलमध्ये अशी तीन प्रकारे गाडी चालवली, की चाक आणि शाफ्ट यांतला फरक कळतो. तिन्ही वेळा कंप सारखाच राहिला तर चाक, फक्त जोर असताना आला तर शाफ्ट. मोटर मागच्या चाकांना जोडलेली असेल तर हा कंप हातापेक्षा बैठकीला अधिक जाणवेल, हे लक्षात घ्यावे.

महामार्गालगतच्या टायरच्या दुकानदारांना एक विनंती आहे. विजेच्या गाडीच्या तळाशी जवळजवळ सगळीकडे बॅटरीची पेटी असते. जॅक नेहमीच्या अंदाजाने सरकवला तर त्याचे डोके थेट त्या पेटीला लागते, आणि एका दाबाने पडलेला पोचा मालकाला नवीन गाडीच्या मोठ्या हिश्श्याइतका महाग पडू शकतो. जॅक लावण्याच्या जागा पुस्तिकेत आकृतीसह दिलेल्या असतात. त्या पाहिल्याशिवाय आणि रबरी ठोकळा ठेवल्याशिवाय गाडी उचलू नये, तसेच नारिंगी रंगाच्या, म्हणजे उच्च दाबाच्या विजेच्या, वायरींना हात लावू नये.

अधिकृत कार्यशाळांकडून माझी अपेक्षा साधी आहे. थरथरीची तक्रार घेताना जॉबकार्डवर वेग, वेग घेताना की मंदावताना, ब्रेकवर की ब्रेकविना, हाताला की बैठकीला, हे मालकाला विचारून लिहावे. मालकाला शेजारी बसवून गाडी चालवून पाहावी. चाके उतरवून रिम आतून साफ करावी, बॅलन्सिंगचे आधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर द्यावेत. पुढची चाके मागे लावून थरथर मागे सरकते का, हे शक्य असेल तिथे पाहावे, यासाठी एकही पार्ट विकत घ्यावा लागत नाही. त्यानंतरच पार्ट बदलण्याची गोष्ट काढावी आणि बदललेला पार्ट मालकाच्या ताब्यात द्यावा. एवढे करूनही अनावश्यक पार्ट माथी मारले गेले, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटतील आणि रस्त्यांवर पुन्हा ओली माती येईल. त्याआधी जिल्ह्यातील कार्यशाळांनी जॉबकार्डात हा चार ओळींचा रकाना छापून घ्यावा आणि गाडी धुणाऱ्यांनी चाकाच्या आतल्या बाजूलाही पाणी मारण्याची सवय लावून घ्यावी, अशी आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक,
शाहूपुरी, सातारा